एका उन्हाळ्याचा अंदाज



मे महिन्याचा उत्तरार्ध लागला की आमच्या बेळगाव-खानापूरकडील माणसाची मान आपोआप पश्चिमेकडे वळते. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग किती जमले, वारा कोणत्या बाजूने येतो, संध्याकाळी वीज कोठे चमकली, याची चर्चा चावडीवर, बाजारात आणि शिक्षकांच्या खोलीतही चालते. खानापूरच्या भातशेतकऱ्यास ही चर्चा केवळ वेळ घालविण्यापुरती नसते. पाऊस येण्याआधीच कोरड्या मातीत भात पेरण्याची, म्हणजे धूळवाफ पेरणीची, आमच्याकडे जुनी रीत आहे. पेरणीनंतर पाऊस वेळेवर आला तर पीक जोमाने वर येते. एखादी सर येऊन बी उगवले आणि मग पावसाने दडी मारली, तर बी, नांगरट आणि उसनवारीचा पैसा, तिन्ही मातीत जातात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील अशाच एका शेतकऱ्याच्या मुलाने मला सरळ विचारले, “सर, पाऊस वेळेवर येणार असे बातम्यांत सांगितले, म्हणून बाबांनी पेरणी केली. पाऊस आला नाही. बी वाया गेले. मग हे लोक अंदाज सांगतातच कशाला?”

प्रश्न विचारताना त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. घरातील चिंता होती. मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले, पण त्याने माझेच समाधान झाले नाही. म्हणून मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता आपल्यापासून फार दूरच्या एका देशात, नॉर्वेत, १९१८ सालच्या उन्हाळ्यात जाऊन पोचलो. हवामानाचा अंदाज शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचा एक मोठा प्रयोग तेथे भुकेच्या भीतीतून झाला. आज मी त्याचीच हकीकत सांगणार आहे.

नॉर्वे हा युरोपच्या उत्तरेकडील देश. त्याच्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रांतास ‘वेस्टलान्द’, म्हणजे पश्चिमभूमी, असे म्हणतात. बर्गन हे तेथील मुख्य शहर सुमारे साठ अक्षांशांवर समुद्रालगत, डोंगरांच्या कुशीत वसले आहे. एका बाजूस अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूस एकदम उभे राहिलेले पर्वत, आणि त्या पर्वतांत मैलोन्‌मैल आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, म्हणजे फ्योर्ड, असा हा मुलूख आहे.

आपल्या श्रोत्यांस हा भूगोल समजावयास कठीण जाऊ नये. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगरास अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. आंबोलीत आणि कणकुंबीस धो धो पाऊस पडतो, बेळगावात तो बेताचा होतो आणि गोकाक-अथणीकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. तोच प्रकार तेथे आहे. बर्गन शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून बराच अधिक, म्हणजे ऐंशी इंचांच्या वर, पाऊस पडतो. तेथून पर्वत ओलांडून पूर्वेस शॉक नावाच्या खोऱ्यात गेले, तर वर्षाचा पाऊस तीनशे मिलिमीटरही भरत नाही. त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी पूर्वापार डोंगरावरचे पाणी पाटांनी आणून शेते भिजविली आहेत. फरक एवढाच की आपला पाऊस चार महिन्यांचा पाहुणा आहे, आणि बर्गनचा पाऊस वर्षभर घरातच मुक्काम ठोकून असतो.

तेथील उन्हाळा म्हणजे आपला वैशाखवणवा नव्हे. जून ते ऑगस्ट हे तीन महिने म्हणजे गवत वाढण्याचे, कापण्याचे आणि वाळविण्याचे दिवस. नॉर्वेच्या एकंदर भूमीपैकी शेकडा तीनच्या आसपास जमीन लागवडीची आहे. पश्चिम किनाऱ्यावर तर डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांवरच शेती होते. तेथील कुटुंबाचा आधार म्हणजे गाई-मेंढ्या आणि समुद्रातील मासे. लांबलचक हिवाळ्यात जनावरे गोठ्यात बांधून ठेवावी लागतात, आणि त्या काळातील त्यांचा सारा चारा उन्हाळ्याच्या थोड्या कोरड्या दिवसांत वाळवून ठेवावा लागतो. जमीन इतकी ओली असते की गवत जमिनीवर पसरून वाळत नाही. खांब रोवून, त्यांवर आडव्या काठ्या किंवा तारा बांधून, त्यांवर गवत टांगून वाळविण्याची तेथे पद्धत होती. गवत कापल्यावर आठवडाभर झड लागली तर ते कुजते. आणि गवत कुजले म्हणजे हिवाळ्यात गाय विकावी तरी लागते किंवा मारावी तरी लागते. म्हणून “उद्या कोरडे राहील काय?” हा तेथील शेतकऱ्याचा प्रश्न आमच्या खानापूरच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ होय.

या प्रश्नाचे उत्तर तेथील लोक पूर्वी कसे शोधीत? आपल्याकडे जसे मृग, आर्द्रा, पुनर्वसू आणि पंचांगातील त्यांची वाहने, तशी तेथे ‘प्रिमस्ताव’ नावाची लाकडी पट्टी असे. तिच्या एका बाजूवर उन्हाळ्याचे दिवस आणि दुसऱ्या बाजूवर हिवाळ्याचे दिवस कोरलेले असत. १४ एप्रिलला ती उन्हाळ्याच्या बाजूस उलटावयाची आणि १४ ऑक्टोबरला हिवाळ्याच्या. संतांच्या सणांना खुणा असत. २९ जुलैच्या संत ओलाफच्या दिवसास कुऱ्हाडीची खूण असे. अशा सणांच्या दिवशी पाऊस पडला किंवा ऊन पडले, यावरून पुढील दिवसांचे ठोकताळे बांधीत. संत योहानाच्या सणास आपल्या गोव्यात लोक तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. त्याच सणाच्या आदल्या रात्री नॉर्वेत होळ्या पेटतात. ऋतूचा थांग लावण्याची माणसाची ओढ सगळीकडे सारखीच.

तारायंत्र आल्यावर ह्या ठोकतानांच्या जोडीला शास्त्र आले. १८६६ साली नॉर्वेची हवामानसंस्था स्थापन झाली, आणि हेनरिक मोन हे तिचे पहिले संचालक झाले. ठिकठिकाणचा वायुभार तारेने मागवून नकाशा काढावयाचा, वायुभार कोठे कमी व कोठे अधिक ते पाहावयाचे, आणि अनुभवी माणसाने त्यावरून उद्याचे अनुमान करावयाचे, अशी त्या काळी सर्वत्र रीत होती. हे अनुमान ढोबळ असे. वादळ येत आहे एवढे कळे; पण अमुक फ्योर्डच्या मुखाशी पाऊस सकाळी लागेल की संध्याकाळी, आणि किती वेळ टिकेल, हे त्यावरून सांगता येत नसे. गवत कापणाऱ्यास तर नेमके तेच हवे होते.

अशा स्थितीत १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. नॉर्वे तटस्थ राहिला, पण तटस्थपणाने त्याचे पोट भरले नाही. ह्या देशास लागणाऱ्या धान्याचा मोठा भाग समुद्रमार्गे बाहेरून येई. १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध पुकारले, आणि तटस्थांची जहाजेही बुडू लागली. युद्धाच्या एकंदर काळात नॉर्वेचे सुमारे दोन हजार खलाशी समुद्रात प्राणास मुकले. १९१८ च्या जानेवारीत पीठ, साखर, कॉफी इत्यादी जिनसांवर नियंत्रण येऊन शिधा मोजून मिळू लागला. परदेशचे धान्य येणार नसेल, तर जे शेतात उगवते त्यातील एक पेंढीही पावसात कुजू देणे परवडणारे नव्हते.

आणि नेमक्या ह्याच वेळी हवामानशास्त्रज्ञांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली होती. नॉर्वेचे हवामान पश्चिमेकडून, ब्रिटनच्या बाजूने आणि अटलांटिकवरून येते. युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या हवामानाच्या तारा लष्करी गुपित ठरून बंद झाल्या. शत्रूच्या जहाजांस आणि विमानांस त्यांचा उपयोग होऊ नये, हा हेतू. पण त्यामुळे ज्या दिशेने पाऊस यावयाचा, तीच दिशा अंधारात गेली.

अशा अंधाराच्या दिवसांत, १९१७ साली, विल्हेल्म ब्यर्कनेस हे प्राध्यापक बर्गनला आले. त्यांचा जन्म १८६२ चा. वडील गणिताचे प्राध्यापक. तरुणपणी त्यांनी जर्मनीत विद्युत्‌लहरींचे संशोधक हाइनरिख हर्ट्‌झ यांच्या हाताखाली काम केले होते. पुढे स्टॉकहोम येथे असताना पाणी व हवा यांच्या अभिसरणाचे गणिती नियम त्यांनी मांडले. १९०४ साली त्यांनी एका निबंधात असे प्रतिपादन केले, की वातावरणाची आजची स्थिती पुरेशी अचूक ठाऊक असेल आणि एका स्थितीतून दुसरी स्थिती कशी निघते याचे नियम ठाऊक असतील, तर ग्रहणाचे भाकित करावे तसे हवामानाचेही गणित करता आले पाहिजे. आज जगातील सर्व वेधशाळांची संगणकयंत्रे याच विचारावर चालतात. पण १९०४ साली संगणक नव्हते. कागद, पेन्सिल आणि माणसाचे धैर्य एवढेच साधन होते. १९१३ साली लाइपझिग येथे प्राध्यापकपद स्वीकारताना त्यांनी सांगितले, की काही तासांच्या हवामानाचे गणित करावयास महिने लागले तरी चालतील, ते वस्तुस्थितीशी जुळले म्हणजे झाले. डोंगरातून बोगदा खोदणारे मजूर पहिली गाडी जाईपर्यंत जगत नाहीत. मागून येणारे मात्र त्यातून वेगाने प्रवास करतात, असा दृष्टांत त्यांनी दिला होता.

युद्धाने हा बोगदा अर्ध्यावर थांबविला. त्यांचे जर्मन विद्यार्थी एकामागून एक रणांगणावर गेले. वारे जेथे एकमेकांकडे येऊन मिळतात अशा रेषांचा अभ्यास करणारा हर्बर्ट पेट्झोल्ड हा विद्यार्थी १९१६ साली व्हर्दूनच्या लढाईत मारला गेला. त्याचे अपुरे काम प्राध्यापकांच्या मुलाने, याकोबने, हाती घेतले. याकोब तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. लाइपझिगमध्ये अन्नाची टंचाई होती, माणसे उरली नव्हती. मायदेशी बर्गन येथे नवी भूभौतिकी संस्था निघत होती, तिचे बोलावणे आले आणि ब्यर्कनेस मुलास आणि हाल्वर सोलबर्ग नावाच्या तरुण सहायकास घेऊन परतले.

येथे श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे प्राध्यापक रोजचा अंदाज वर्तविणारे गृहस्थ नव्हते. ढोबळ ठोकताळ्यांवरील अंदाजाविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. त्यांना शुद्ध गणित हवे होते. पण १९१८ च्या आरंभी देशापुढे भाकरीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांनी आपला बोगदा बाजूस ठेवला. येत्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसाठी रोज हवामानाचा अंदाज द्यावा, अशी योजना त्यांनी सरकारपुढे मांडली आणि सरकारने तिला पैसा दिला. पश्चिम नॉर्वेचे काम बर्गनहून याकोबने पाहावयाचे आणि पूर्व नॉर्वेचे काम क्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ऑस्लोहून, सोलबर्गने पाहावयाचे, असे ठरले. त्या उन्हाळ्यात याकोबचे वय वीस वर्षांचे होते आणि सोलबर्गचे तेवीस!

पण समुद्रापलीकडच्या बातम्या बंद असताना अंदाज करावयाचा कशावरून? ब्यर्कनेस यांचे उत्तर साधे होते: दूरचे दिसत नसेल, तर जवळचे अधिक दाट पाहावे. दक्षिण नॉर्वेत तारेने बातमी देणारी निरीक्षणस्थाने पूर्वी अगदी मोजकी होती. त्यांची संख्या काही महिन्यांत सुमारे दहापट झाली. यासाठी प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी किनाऱ्याने बेटाबेटांवर हिंडले. दीपगृहांचे राखणदार, जहाजांना वाट दाखविणारे वाटाडे, कोळी, शेतकरी, ज्यांचा जन्म आभाळ आणि समुद्र न्याहाळण्यात गेला अशी माणसे त्यांनी गाठली. पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी नौदलाने किनाऱ्यावर पहारे बसविले होते, त्या पहारेकऱ्यांचीही मदत घेतली. वायुभारमापक यंत्रे सर्वांना पुरण्यासारखी नव्हती. म्हणून वाऱ्याची दिशा शक्य तितकी बारकाईने सांगावी, ढगांचे रूप सांगावे, पाऊस केव्हा लागला आणि केव्हा थांबला ते सांगावे, एवढेच मागणे होते.

जुलैत काम सुरू झाले. किनाऱ्यावरून बातम्या येत, त्या नकाशावर उतरत, आणि अंदाज तार व टेलिफोनने गावोगाव जाई. सबंध देशासाठी एकच मोघम वाक्य न देता, निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळा अंदाज देण्याचा प्रयत्न होता. कारण डोंगराच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे, हे त्या मुलुखातील लेकरालाही ठाऊक होते. अंदाज चुकला की त्याची झळ शेतकऱ्यास पोचे. आपण नकाशावर चुकीची रेघ ओढली तर कोणाचे तरी गवत भिजते, ही जाणीव रोज सकाळी समोर असल्यामुळे त्या तरुणांना नकाशा अधिक बारकाईने वाचणे भागच होते.

ह्या दाट नकाशांवर त्यांना असे काही दिसले, की जे विरळ नकाशांवर कोणास स्पष्ट दिसले नव्हते. वातावरणातील आवर्त, म्हणजे कमी भाराभोवती फिरणारे वाऱ्यांचे मोठे चक्र, हे सर्व बाजूंनी सारखे नसते. त्यात दोन ठळक रेषा असतात. पहिल्या रेषेपाशी ऊबदार हवा पुढील थंड हवेवर हळूहळू चढत जाते. तिच्या पुढे रुंद पट्ट्यात संथ, दीर्घकाळ टिकणारा पाऊस पडतो. दुसऱ्या रेषेपाशी मागून येणारी थंड हवा ऊबदार हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते. तेथे अरुंद पट्ट्यात जोराच्या सरी आणि सोसाट्याचा वारा येतो, आणि मग आभाळ मोकळे होऊ लागते. म्हणजे पाऊस कोठेही कसाही विखुरलेला नसून तो रेषांना धरून चालतो. आणि रेषेची गती समजली तर ती अमुक खोऱ्यावर केव्हा पोचेल हे सांगता येते. गवत कापणाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पहिली रेषा येत असेल तर कोयता खाली ठेवावा, आणि दुसरी रेषा जाऊ द्यावी, मग कोयता उचलावा.

१९१८ च्या शरद ऋतूत याकोबने हे निरीक्षण अवघ्या आठ पानांच्या निबंधात लिहून काढले, आणि १९१९ साली तो प्रसिद्ध झाला. नंतर ह्या रेषांना बर्गनच्या मंडळींनी युद्धातून एक शब्द उचलून दिला: आघाडी. उष्ण आणि थंड हवेचे दोन प्रचंड समुदाय जेथे एकमेकांस भिडतात, ती आघाडी. मराठी शास्त्रग्रंथांत तिला ‘सीमापृष्ठ’ म्हणतात. ज्या युद्धाने पेट्झोल्डचा बळी घेतला, त्याच युद्धाचा शब्द त्याच्या अपुऱ्या कामाच्या फळास चिकटला.

युद्ध संपले तरी बर्गनचे काम थांबले नाही. हवामान-अंदाजाची कचेरी कायम झाली, आणि काही वर्षे ती ब्यर्कनेस यांच्या राहत्या घराच्या माळ्यावर भरत असे. शेतकऱ्यांच्या मागोमाग कोळ्यांना वादळाच्या सूचना मिळू लागल्या. १९१९ साली तेथे आलेल्या तूर बर्गेरॉन या स्वीडिश तरुणाने आवर्ताच्या वार्धक्यात थंड आघाडी उष्ण आघाडीस कशी गाठते ते दाखविले. १९२२ साली याकोब आणि सोलबर्ग यांनी आवर्ताचा जन्म, वाढ आणि अंत यांचे चित्र पुरे केले. जगभरच्या वेधशाळांनी ही पद्धत हळूहळू उचलली. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तो दिवस ठरविताना सल्ला देणाऱ्यांत स्वेरे पेटर्सन होते. तेही ह्याच बर्गन संप्रदायातील नॉर्वेजियन.

आता कोणी म्हणेल, की हे सारे उद्या-परवाच्या पावसाविषयी झाले. सबंध उन्हाळा कसा जाईल, हे बर्गनच्या मंडळींनी सांगितले काय? नाही. ते त्यांना सांगता येत नव्हते, आणि आजही उत्तर अटलांटिकच्या काठावरील उन्हाळ्याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी सांगणे फार कठीण मानले जाते. तेथील ऋतू म्हणजे पश्चिमेकडून एकामागून एक येणाऱ्या आवर्तांची मालिका. त्यांपैकी कोणते उत्तरेस वळेल आणि कोणते सरळ अंगावर येईल, हे महिना आधी ठरलेले नसते. म्हणून आज तेथे ऋतूचा अंदाज दिला जातो तो “अधिक संभव” आणि “कमी संभव” अशाच भाषेत.

सबंध ऋतूचे भाकित करण्याचे साहस झाले ते आपल्या देशात, आणि तेही भुकेपायीच. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने हवामान खात्यास पावसाचे पूर्वानुमान करण्यास सांगितले. १८७५ साली स्थापन झालेल्या ह्या खात्याचे प्रमुख हेन्री ब्लँफर्ड यांनी हिमालयावरील बर्फ आणि पुढचा पाऊस यांचा संबंध शोधला. बर्फ फार पडले तर मोसमी पाऊस दुबळा, असा तो आडाखा. ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला नियमित अंदाज प्रसिद्ध झाला. पण १८९९ साली अंदाज साफ चुकला आणि देशात पुन्हा महाभयंकर अवर्षण पडले. त्यावर एवढी टीका झाली, की पुढे काही काळ हे अंदाज लोकांपुढे न मांडता सरकारी अधिकाऱ्यांपुरतेच ठेवण्यात आले.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे गणितज्ञ खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी बर्फापुरती नजर न ठेवता सबंध जगाच्या वायुभाराचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. पॅसिफिक महासागरावरील वायुभार वाढला की हिंदी महासागराकडचा कमी होतो, आणि उलट. एखाद्या तराजूच्या पारड्यांसारखा हा खेळ चालतो, असे त्यांना आढळले. त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले. हे पारडे का हलते, हे मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही.

आणि येथे आपली कथा एका विलक्षण वळणावर येते. १९१८ च्या ज्या उन्हाळ्यात बर्गनला वीस वर्षांचा याकोब गवतासाठी नकाशे काढीत होता, त्याच वर्षी आपल्याकडे मोसमी पाऊस दारुण फसला. देशभरचा पाऊस सरासरीच्या पाऊण हिश्श्याच्या आसपासच भरला. त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली, आणि अर्धपोटी माणसे तिला बळी पडली. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते वर्ष पाहिले होते. त्या वर्षी पॅसिफिक महासागराच्या मध्य व पूर्व भागातील पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले होते. आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘एल निन्यो’ तो हाच. १८७७ साली तो होता, १८९९ सालीही होता. पण १९१८ साली बर्गनच्या माणसास वा सिमल्याच्या माणसास हा धागा दिसणे शक्य नव्हते.

हा धागा पुढे कोणी जोडावा? त्याच याकोब ब्यर्कनेस यांनी! ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाले होते. १९६९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी एका निबंधात दाखविले, की पॅसिफिकचे पाणी तापणे आणि वॉकर यांच्या तराजूचे पारडे हलणे ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत. विषुववृत्तालगतच्या त्या वाऱ्यांच्या चक्रास त्यांनी ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले. भारतात बसून आकड्यांशी झुंजलेल्या आणि १९५८ साली निवर्तलेल्या एका माणसाचा हा गौरव होता. आपल्या पावसाचे आगाऊ अनुमान करताना शास्त्रज्ञ आज पॅसिफिककडे पाहतात, त्यामागे ही दोन आयुष्ये आहेत.

तरीसुद्धा पूर्ण निश्चिती आली काय? नाही. १९९७ साली एल निन्यो अतिशय जोराचा होता, पण आपला पाऊस सरासरीइतका पडला. समुद्र पारडे झुकवितो. शेवटचे वजन तोच टाकतो असे नाही. शिवाय सबंध देशाच्या सरासरीचा अंदाज बरोबर ठरला, तरी खानापूरच्या एका शेतात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काय होईल, हे त्यात लिहिलेले नसते. ऋतूचा अंदाज आणि दिवसाचा अंदाज ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, आणि आपण बहुतेक वेळा एकाचे उत्तर दुसऱ्यास मागतो. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांची फसगत येथेच झाली होती. “यंदा पाऊस वेळेवर व समाधानकारक” हे त्यांनी ऐकले ते ऋतूविषयीचे आणि देशाविषयीचे. पेरणी केली ती आपल्या शेतापुरती आणि त्या आठवड्यापुरती. ही दोन्हींतील तफावत त्यांना कोणी समजावून सांगितली नव्हती. तो दोष शेतकऱ्याचा नव्हे. सांगणाऱ्याने जे ठाऊक आहे त्याबरोबर जे ठाऊक नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

बर्गनच्या त्या उन्हाळ्याकडून मी हेच घेतो. थोर गणित जाणणारा प्राध्यापक भाकरीच्या प्रश्नासाठी खाली उतरला; त्याने दीपगृहाच्या राखणदाराच्या आणि कोळ्याच्या नजरेस शास्त्रात स्थान दिले; आणि सबंध उन्हाळ्याची हमी न देता, उद्यापुरते, एका खोऱ्यापुरते, जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले. त्या लहान कामातून मोठे शास्त्र निघाले.

त्या मुलास मी ही सारी हकीकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “सर, मग आपल्या गावात वारा आणि पाऊस कोण पाहतो?” ह्या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते, म्हणून आम्ही शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसविला. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता मुले त्यातील पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. पहिल्या वर्षीच त्यांना एक गोष्ट आढळली. ज्या दिवशी शाळेत पाऊस शून्य होता, त्या दिवशी दोन कोसांवरच्या त्या मुलाच्या गावी ओढ्याला पाणी आले होते. तेव्हा त्याने घरीही एक मापक ठेवला. यंदा धूळवाफ पेरणीपूर्वी त्याचे वडील ऋतूचा अंदाज ऐकणार आहेतच. पण त्याचबरोबर ते पुढील चार-पाच दिवसांचा अंदाजही विचारणार आहेत, आणि मुलाची वहीही पाहणार आहेत.